घरातलं एखादं उपकरण वर्षाला किती युनिट खातं, हे घरच्या घरी कसं काढायचं?

राज्यात जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवायला सुरुवात झाल्यापासून लाईट बिल हा सोसायटीच्या जिन्यापासून गावच्या पारापर्यंत सगळीकडे बोलण्याचा विषय झाला आहे. बिल वाढलं की एक जण म्हणतो नवा मीटर पळतो. दुसरा म्हणतो तुमचा फ्रिज जुना झालाय. तिसरा सांगतो चार्जर प्लगमध्ये ठेवू नका, वीज जाते. आकडा मात्र तिघांपैकी कोणाकडेच नसतो. खरं तर घरातल्या प्रत्येक उपकरणाचा वर्षाचा वीजवापर काढायला पाचवीतला गुणाकार-भागाकार पुरतो. अडचण येते ती गणितात कोणता आकडा घालायचा इथे. उपकरणावर छापलेला आकडा बहुतेक वेळा आपल्याला हवा असलेला आकडा नसतोच.

हा हिशोब प्रत्येक घराला यायला हवा असं मला मनापासून वाटतं. तो येत नाही म्हणून लोक चार्जर काढायला आठवणीने धावतात आणि दिवसरात्र चालू असलेल्या सेट टॉप बॉक्सकडे वर्षानुवर्षं बघतसुद्धा नाहीत.

वॅट आणि युनिट

वॅट म्हणजे उपकरण या क्षणाला किती वेगाने वीज ओढतंय ते. युनिट म्हणजे ओढलेल्या विजेचं एकूण माप. बिल युनिटचं येतं, वॅटचं येत नाही.

शेतात खुरपणीला बायका लावतात तो हिशोब आठवा. दहा जणींनी एक दिवस काम केलं काय किंवा दोघींनी पाच दिवस केलं काय, हजेऱ्या दहाच भरतात आणि मजुरी दहा हजेऱ्यांचीच द्यावी लागते. बांधावर किती जणी दिसतात यावरून मजुरी ठरत नाही, किती जणी किती दिवस होत्या यावरून ठरते. वॅट म्हणजे बायकांची संख्या, तास म्हणजे दिवस आणि युनिट म्हणजे हजेरी.

आपली भीती मात्र वॅटची असते. २,००० वॅटचा गीझर १५ मिनिटं चालला तर अर्धा युनिट होतो. १० वॅटचा सेट टॉप बॉक्स ५० तास, म्हणजे दोन दिवसांहून थोडं जास्त, चालू राहिला तरी तोच अर्धा युनिट. गीझर लावल्याचं सगळ्या घराला माहीत असतं. सेट टॉप बॉक्सची कोणी चौकशी करत नाही.

सूत्र एकच

वॅटला तासांनी गुणायचं आणि १,००० ने भागायचं, की युनिट मिळतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास: १,००० वॅटचं उपकरण तासभर, किंवा १०० वॅटचं दहा तास.

वर्षाचा आकडा हवा असेल तर दिवसाचे तास आणि वर्षातले वापराचे दिवस दोन्ही धरा. ३६५ ने सरसकट गुणण्याची सवय इथे फसवते. पुण्यात पंखा डिसेंबर-जानेवारीत बंदच असतो, विदर्भातला कूलर तीन-साडेतीन महिने चालतो आणि कोकणात पंखा जवळजवळ बारमाही फिरतो. साधा ७५ वॅटचा पंखा दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस चालला तर ७५ × १० × ३०० ÷ १,००० = २२५ युनिट.

जी उपकरणं कधीच बंद होत नाहीत त्यांच्यासाठी एक आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणून वर्षभर अखंड चालणारा एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट. वायफायचा राउटर ६ वॅट ओढत असेल तर साडेबावन्न युनिट. सेट टॉप बॉक्स १० वॅटचा असेल तर साडेसत्याऐंशी. रिमोटने बंद केल्यावर बॉक्सचा दिवा लाल होतो, पण अनेक बॉक्स तेव्हाही जवळजवळ तेवढीच वीज ओढत राहतात. रात्री आणि घरात कोणी नसताना तो भिंतीवरच्या बटणापासून बंद केला, तर वर्षाकाठी यातला अर्ध्याहून जास्त वापर वाचू शकतो.

मग मोबाईलचा चार्जर?

आजच्या मोबाईलची बॅटरी साधारण ५,००० मिलिअँपिअर-तासांची असते. विजेच्या मापात ती १९-२० वॅट-तास भरते. चार्जरमध्ये उष्णतेपोटी थोडं वाया जातं ते धरून २५ वॅट-तास म्हणू. रोज शून्यापासून पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला ९ युनिट होतात. मोबाईल न लावता नुसता प्लगमध्ये राहिलेला चांगला चार्जर तर वॅटच्या छोट्याशा अंशावर असतो. लहान मुलं हात लावतात, पावसाळ्यात वीज कडाडते, म्हणून चार्जर काढून ठेवणं योग्यच आहे. पण बिल कमी करायला निघाला असाल तर तिथून सुरुवात करू नका.

उपकरणावरचा आकडा जसाच्या तसा का घेऊ नये

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाला एक पाटी असते. तिच्यावरचा आकडा प्रामुख्याने वायर, प्लग आणि फ्यूज कितीचा लावायचा यासाठी असतो. बऱ्याचदा तो कमाल आकडा असतो, रोजच्या वापराचा नसतो.

फ्रिजचंच बघा. पाटीवर २३० व्होल्ट आणि १ अँपिअर लिहिलेलं असतं. लोक दोन्हींचा गुणाकार करून २३० वॅट धरतात, फ्रिज चोवीस तास चालू असतो म्हणून ८,७६० ने गुणतात आणि वर्षाला २,००० युनिट काढून घाबरतात. प्रत्यक्षात मध्यम आकाराचा बरा फ्रिज याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात भागतो. फ्रिज चोवीस तास जोडलेला असतो, पण त्याचा कॉम्प्रेसर चोवीस तास पूर्ण ताकदीने चालत नाही. आत पुरेसं गार झालं की तो थांबतो, दार उघडलं किंवा गरम पातेलं आत गेलं की पुन्हा सुरू होतो. नव्या इन्व्हर्टर फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबण्याऐवजी मंद चालतो. बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा एक हीटर असतो, पाटीवरच्या आकड्यात त्याचीही गणना असते आणि तो दिवसातून थोडाच वेळ लागतो. शिवाय मोटर असलेल्या उपकरणात व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे नेमके वॅट होतातच असं नाही, खरे वॅट त्याहून कमी असतात.

इस्त्रीचंही असंच. १,००० वॅटची इस्त्री अर्धा तास वापरली म्हणजे अर्धा युनिट झाला असं नाही. तापल्यावर तिचा दिवा विझतो आणि तेवढा वेळ ती काहीच ओढत नाही.

काही पाट्या याच्या उलट फसवतात. पाण्याच्या पंपावर १ एचपी लिहिलेलं असतं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण ही पंपाच्या मोटरने बाहेर दिलेली ताकद झाली. ती द्यायला मोटर त्याहून जास्त वीज आत घेते, घरगुती लहान पंपात १,००० वॅटच्या आसपास. मायक्रोवेव्हवर ८०० वॅट छापलेलं असतं ते अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचं. भिंतीतून तो १,२०० च्या आसपास ओढतो. आणि एसीचा टन हा विजेचा आकडाच नव्हे. एक टनाचा एसी खोलीतून साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी वीज खातो.

थोडक्यात, बल्ब, पंखा, टीव्ही, राउटर यांचा पाटीवरचा आकडा चालून जातो. जे उपकरण आपलं आपण बंद-चालू होतं, म्हणजे फ्रिज, एसी, गीझर, इस्त्री, त्याचा वापर मोजावा लागतो किंवा वेगळ्या वाटेने काढावा लागतो.

मीटरवरचा लाल दिवा मोजा

मोजायला विकतचं काही लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या जवळपास ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर हा आकडा १६०० असतो, काहींवर ६४००. याचा अर्थ एवढाच, की दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला.

घरातलं सगळं बंद करा. इन्व्हर्टरचा प्लगसुद्धा काढा, नाहीतर तो गुपचूप बॅटरी चार्ज करत राहतो आणि हिशोब चुकवतो. सगळं बंद असताना दिवा लुकलुकायचा थांबायला हवा. थांबला नाही तर काहीतरी चालू राहिलंय. बहुतेकदा ते दाराची बेल, माळ्यावरचा अँटेनाचा बूस्टर किंवा पाणी शुद्ध करणारं यंत्र असतं. आता फक्त हवं ते उपकरण लावा. मोबाईलवर घड्याळ सुरू करा आणि दिवा दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते बघा.

दिवा लुकलुकण्याच्या संख्येला ३६,००,००० ने गुणा. मीटरवरचा आकडा आणि सेकंद यांचा गुणाकार करून त्याने भागा. समजा ३,२०० च्या मीटरवर दहा लुकलुकींना १५ सेकंद लागले, तर ३,६०,००,००० ÷ ४८,००० = ७५० वॅट. मिक्सर, टीव्ही, पंप, वॉशिंग मशीन, सगळ्यांना ही पद्धत चालते. पंख्याचा वेग पाचवरून दोनवर आणल्यावर खरंच किती फरक पडतो, हेही याच दिव्याने कळतं. मुलांना शेजारी बसवून हे करा. पुस्तकातली वीज त्यांना पहिल्यांदा हातात आल्यासारखी वाटेल.

मीटरचं सील, झाकण किंवा वायर यांना हात लावायची गरज कुठेच पडत नाही, आणि लावूही नये.

बाजारात प्लग आणि भिंत यांच्या मधे लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो. तो आठवडाभर फ्रिजला लावून ठेवला तर उत्तम. मात्र साध्या प्लगचा वॅटमीटर गीझर किंवा एसीला लावू नका, तो तापून वितळू शकतो.

फ्रिज मोजायचा गावाला जाताना

फ्रिजला पंधरा सेकंदांची मोजणी उपयोगाची नाही, कारण तो कधी चालतो, कधी थांबतो. निदान चोवीस तासांचा आकडा हवा. गणपतीला किंवा दिवाळीला घर बंद करून गावाला जाताना बाकी सगळं बंद करून फ्रिज चालू ठेवत असाल, तर ही आयती संधी आहे. कुलूप लावताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, परत आल्यावर दार उघडायच्या आधी दुसरा काढा. दोन्ही फोटोंवर वेळ असतेच. फरकाला दिवसांनी भागलं की फ्रिजचा रोजचा वापर मिळतो.

हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येईल. घरात माणसं असताना दार वीस-पंचवीस वेळा उघडतं, मे महिन्यात स्वयंपाकघर भट्टी होतं. म्हणून त्यात पाचवा हिस्सा वाढवा. दिवसाला ०.७ युनिट आला तर ०.८५ धरा, म्हणजे वर्षाला ३१० च्या आसपास. तुमच्या फ्रिजने दिवसाला दोन युनिट घेतले, तर मात्र दाराचं रबर तपासायची वेळ आली आहे. दारात कागदाचा कपटा अडकवून दार लावा. कपटा अलगद ओढून निघाला तर तिथून गारवा बाहेर जातोय.

गीझरला वॅट विचारूच नका

गीझरच्या बाबतीत सगळ्यात सोपी वाट पाण्यावरून जाते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. हा निसर्गाचा आकडा आहे, तो कंपनीप्रमाणे बदलत नाही.

आंघोळीची बादली २० लिटरची धरा. नळाचं पाणी २५ अंश आहे आणि अंगावर घ्यायला ४२ अंश पाहिजे. १७ अंशांचा फरक. २० × १७ × १.१६ = सुमारे ४०० वॅट-तास, म्हणजे ०.४ युनिट. नाशिकच्या किंवा पुण्याच्या कडक थंडीत टाकीतलं पाणी १५ अंशांवर आलं की तीच बादली ०.६३ युनिटची होते.

इथे बादलीत शेवटी तयार झालेलं पाणी मोजायचं असतं. गीझरमधलं कढत पाणी अर्धी बादली घेऊन त्यात गार पाणी मिसळलं किंवा सगळंच पाणी कोमट काढलं, उष्णता तेवढीच लागते. म्हणूनच ३,००० वॅटचा छोटा इन्स्टंट गीझर २,००० वॅटच्या मोठ्या गीझरपेक्षा जास्त बिल आणतो, हा समज चुकीचा आहे. एका बादलीला पहिला आठ मिनिटं घेतो, दुसरा बारा. पाण्यात टाकायची १,५०० वॅटची रॉड सोळा मिनिटं घेते. युनिट तिघांचे सारखेच. रॉडचा धोका मात्र वेगळा आहे, आणि तो आंघोळीच्या खोलीत पत्करू नये.

व्होल्टेज कमी असलं तर? गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज २०० वर येतं तेव्हा २,००० वॅटचा गीझर दीड हजारावर येतो. पाणी तापायला वेळ जास्त लागतो आणि युनिट जवळपास तेवढेच पडतात.

टाकीच्या गीझरमध्ये फरक पडतो तो पाणी नुसतं गरम धरून ठेवण्यात. गीझरवरचे स्टार याच गळतीवर दिलेले असतात, चोवीस तासांत पाणी गरम राखायला किती युनिट जातात त्यावर. सकाळी सहाला लावलेला गीझर घरातला शेवटचा माणूस साडेनऊला उठेपर्यंत चालू असेल, तर ही गळती रोजची होते. आंघोळी एकामागून एक उरकल्या की ती जवळजवळ नाहीशी होते.

चार माणसांचं घर धरा. २४० दिवस दिवसाला १.६ युनिट, थंडीचे ९० दिवस २.५ युनिट, उन्हाळ्यात महिनाभर गार पाणी. वर्षाला सहाशेच्या वर. बादलीऐवजी शॉवर असेल आणि तो मिनिटाला १० लिटर पाणी सोडत असेल, तर पाच मिनिटांत ५० लिटर, म्हणजे एका माणसाला एक युनिट. शॉवरऐवजी बादली घेण्याने पाण्याची आणि विजेची होते एवढी मोठी बचत दुसऱ्या कुठल्याच एका सवयीत मला दिसत नाही.

स्टार लेबल कसं वाचायचं

फ्रिज आणि एसीवर जे लेबल असतं ते ऊर्जा दक्षता ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेचं. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२ मध्ये ती स्थापन झाली आणि २००६ पासून लेबलं सुरू झाली. आपण दुकानात तारे मोजतो आणि त्याखाली छापलेला वर्षाच्या युनिटचा आकडा वाचत नाही. खरं तर तोच कामाचा आहे. तारे त्या त्या प्रकारात आणि आकारात दिलेले असतात, त्यामुळे मोठा पाच तारेवाला फ्रिज लहान तीन तारेवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. निकषही काही वर्षांनी कडक होतात, म्हणून पूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नाहीत. लेबलवर त्याची मुदत छापलेली असते ती बघा.

एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. समजा त्यावर ८०० युनिट लिहिलेत. १,६०० ने भागा, तासाला अर्धा युनिट. आता तुमचे तास घाला. रात्रीचे आठ तास, नव्वद दिवस, म्हणजे ७२० तास, ३६० युनिट. ज्यांच्या घरी नागपूरच्या मे महिन्यात दुपारीही एसी चालतो त्यांनी तासाला अर्ध्याहून बरंच जास्त धरावं, कारण बाहेर ४५ अंश असताना एसीला दम लागतो. ही सरासरी सौम्य दिवसही धरून काढलेली आहे.

कंपन्या लेबलवर कमी आकडा छापतात का, असा प्रश्न हमखास येतो. लेबलची चाचणी ठरलेल्या परिस्थितीत होते आणि आपलं घर तसं नसतं. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला, एसीची जाळी वर्षभर धुतली नाही, तर वापर वाढणारच. दोन फ्रिजपैकी कोणता घ्यावा हे ठरवायला लेबल विश्वासाचं आहे. तुमच्या घरातला नेमका आकडा हवा असेल तर मोजणीला पर्याय नाही.

आणि नवा मीटर पळतो त्याचं काय?

मीटरवर शंका असेल तर वर सांगितलेल्या मोजणीनेच ती तपासता येते. वॅटमीटर लावून एखादं उपकरण दोन-तीन तास चालवा, घरातलं बाकी सगळं बंद ठेवा आणि मीटरच्या रीडिंगमधला फरक वॅटमीटरशी ताडून बघा. शंभरात दोन-चारचा फरक दोन्ही यंत्रांच्या अचूकतेत बसतो. वीस-पंचवीसचा आला, तर लेखी अर्ज करून मीटरची तपासणी मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. आकडे आणि फोटो हातात असले की तक्रारीला वजन येतं.

दुसरी बाजूही आहे. काढलेला मीटर जुना, चकती फिरणारा असेल, तर त्या चकत्या झिजून मंद होत आणि दोन-पाच वॅटचा वापर त्यांना जाणवतही नसे. नवा मीटर राउटर आणि सेट टॉप बॉक्सची वीजही मोजतो. स्मार्ट मीटरचा एक फायदा मला खराच वाटतो. मोबाईलवर रोजचा वापर दिसतो, त्यामुळे गीझर लावलेला आणि न लावलेला दिवस शेजारी ठेवून बघता येतात.

युनिटचे रुपये करताना

महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे महिन्याला १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. १०१ वा युनिट पडला की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, ही समजूत पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. तसं होत नाही. पहिले १०० पहिल्याच दराने राहतात, वरच्यांनाच वरचा दर लागतो.

म्हणून बिलाला एकूण युनिटने भागून सरासरी दर काढू नका. तुम्ही वाचवलेला युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतो. महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्या घराने २० वाचवले, तर ते दुसऱ्या टप्प्याच्या दराने वाचतात. त्या दरात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि इंधन समायोजन (इंधनाच्या बदलत्या खर्चापोटीचं) मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क लावा, मग एका युनिटची खरी किंमत कळते. स्थिर आकार यात धरायचा नाही, तो वापर कमी झाला तरी द्यावाच लागतो. टप्पे महिन्याचे असल्याने एसीचे ३६० युनिट तीनच महिन्यांत पडतात आणि त्यातले बरेच वरच्या टप्प्यात जातात. वर्षभर पसरलेल्या ३६० युनिटपेक्षा ते महाग पडतात.

बेरीज करून बघा

एका साध्या चौकोनी घराची बेरीज मांडतो. फ्रिज ३००, तीन पंखे ६७५, गीझर ६००, ८० वॅटचा टीव्ही रोज पाच तास १४६, सेट टॉप बॉक्स ८८, राउटर ५३, एलईडी दिवे १००, मिक्सर २०. एकूण १,९८२, म्हणजे महिन्याला १६५ युनिट. यात सगळ्यात मोठा वाटा पंख्यांचा आहे, ज्यांना कोणी कधी बोल लावत नाही.

त्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे पंखे, लावले तर ६७५ चे २७० होतात. समजा तुमच्या बिलाप्रमाणे वरचा युनिट सगळं धरून १२ रुपयांना पडतो. ४०५ युनिटचे ४,८६० रुपये. पंखा ३,००० ला मिळाला तर तिन्हींचे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल. पण हा हिशोब रोज दहा तास फिरणाऱ्या पंख्याचा आहे. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा रोज सरासरी तीनच तास चालत असेल तर वर्षाला जेमतेम ४० युनिट वाचतात, आणि तेच पैसे फिटायला सहा वर्षं लागतात. तो आहे तसाच राहू द्या.

तुमची बेरीज झाली की बिलावरचा मागच्या महिन्यांचा वापर बघा, बारा महिन्यांचे युनिट मिळवा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. शंभरात दहा-पंधराचा फरक अंदाजात खपतो. बिलाचा आकडा त्याहून बराच मोठा असेल, तर आधी यादीत राहिलेल्या वस्तू शोधा: इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, माशांच्या टाकीचा हीटर. तरीही जुळत नसेल, तर घरातलं सगळं बंद करून मीटरच्या लाल दिव्याकडे पाच मिनिटं बघा. तो लुकलुकत असेल आणि चालू राहिलेलं काहीच सापडत नसेल, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याची लाईन आहे. त्याच दिवशी परवानाधारक वायरमनला बोलवा.